बागेला आधीच बांधलेला दुखवटा

मी लुऊ थी थोआ, वय सव्वीस, अविवाहित, राहणार फू खे गाव, लाल नदीच्या बांधाखाली, हानोई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला आजार नाही, मी कसलं औषध घेतलेलं नाही आणि समोर बसून मला कोणी सांगत नाही. "या वयात मृत्युपत्र कशाला गं?" असं कचेरीतल्या बाईंनी विचारलं. उत्तर खाली दिलं आहे.

कलम १. माझ्या नावावर राहतं घर आणि त्यामागची पीचची बाग आहे. दोन्ही मला बाबांकडून मिळाली. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि पदवीही शेतीची. कागद माझ्या हातात देताना बाबा म्हणाले होते, "शहरात पंख्याखाली बसायला नाही शिकवलं तुला. झाडं सांभाळ." त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

कलम २. चांद्र वर्षाच्या अकराव्या महिन्यात आईने आणि मी झाडांची पानं हाताने ओरबाडून काढली. तसं केलं की नव्या वर्षाच्या तोंडावर कळ्या फुटतात. पुढच्याच आठवड्यात एका सकाळी मी धुक्यात बाहेर आले, तर उघड्या झाडांच्या खोडाखोडाला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधलेली. आमच्याकडे बागेचा धनी वारला की झाडांनाही दुखवटा बांधतात, नाहीतर ती धन्यापाठोपाठ वाळतात. बाबांच्या वेळी तो मीच बांधला होता. आता बागेची धनीण मी आहे, आणि मी तोंडात ब्रश घेऊन तिथे उभी होते.

आई पट्ट्या जाळायला धावली. मी तिला अडवलं. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण चूळ भरताना माझ्या हातातून तांब्या पडला, हेही लिहून ठेवते.

गेल्या मंगळवारी बांधावरून उतरताना माझ्या स्कूटरचा ब्रेक लागला नाही. पेंढ्याच्या गंजीत शिरले म्हणून वाचले. गॅरेजवाल्याने तार उजेडात धरली. "ताई, ही झिजलेली नाही," एवढं बोलून तो पैसे न घेताच आत गेला.

कलम ३. बागेच्या जागी बारा मजली इमारती बांधायच्या आहेत. आजूबाजूच्या सगळ्यांनी सह्या केल्या, मी केली नाही. बांधणाऱ्यांच्या वतीने माझे सख्खे काका लुऊ वान ख्वात आमच्याकडे येतात. येताना आईसाठी कमळबियांचा मुरंबा आणतात.

"पोरी, मातीत हात घालायला पदवी लागते का? सही कर आणि शहरात नोकरी बघ."

"काका, आजोबांची बाग आहे ती."

"आजोबा गेले, दादा गेला. माणसं जातात. यंदाचा वसंत बघायचाय ना तुला?"

हे ते हसत म्हणाले. आईही हसली, कारण तिला तो विनोद वाटला. पट्ट्या त्यानंतर आल्या.

पट्टी एका झाडाला मात्र नव्हती. फाटकाजवळचं म्हातारं पीच, काकांचा जन्म झाला त्या दिवशी आजोबांनी लावलेलं. ते काकांचं झाड आहे, हे घरच्या माणसांखेरीज कोणाला माहीत नाही. भाड्याच्या माणसाने त्यालाही पट्टी बांधली असती. ज्याने बांधल्या, त्याला स्वतःच्या झाडाला दुखवटा बांधवला नाही.

कलम ४. आई, हे कलम तुला थोंग मास्तर वाचून दाखवतील, तेव्हा रडू नकोस. बाग मी तुला देत नाही. तुला वाचता येत नाही आणि दिराला नाही म्हणता येत नाही. बाग तुझ्या नावावर आली, तर मुरंब्याच्या बरणीबरोबर कागद येईल आणि तू अंगठा देशील. घर तुझं. बागेतल्या फुलांचं उत्पन्न तू असेपर्यंत तुझं. बाग मात्र गावच्या फुलबागकऱ्यांच्या सहकारी संस्थेला देत आहे, कधीही न विकण्याच्या अटीवर. तिथे मुलामुलींना कलम बांधायला शिकवावं. माझ्या मरणाने कोणाला जमीन मिळणार नाही, हे सर्वांना कळावं म्हणून या मृत्युपत्राची प्रत आजच देवळाबाहेर लावत आहे.

कलम ५. माझी पुस्तकं शाळेला. नव्या वर्षाचे चुंग, पानात बांधलेले चिकट भाताचे पुडे, उकडायचं मोठं पातेलं शेजारच्या मिएन मावशींना. ते तीन वर्षं त्यांच्याकडेच आहे आणि दर वर्षी "उद्या आणून देते गं" असं त्या म्हणतात. आता आणू नये.

कलम ६. फाटकाजवळचं झाड काकांचं होतं आणि काकांचंच राहील. ते तोडू नये.

कलम ७. झाडांवरच्या पट्ट्या कोणी सोडू नयेत. मी गेले तर नव्या बांधायची गरज नाही, याच चालतील. यंदा थंडी लवकर सरली, पट्ट्यांच्या वर कळ्या आताच गुलाबी दिसू लागल्या आहेत. नव्या वर्षाच्या सकाळपर्यंत मी असले, तर माझ्या हाताने सोडीन.

कलम ८. नव्या वर्षी घरात पहिलं पाऊल टाकायला मी ख्वात काकांना बोलावलं आहे. काल, वर्षअखेरीस स्वर्गात जाणाऱ्या चुलीच्या देवांना निरोप देऊन सगळे देवळात जमले होते, तिथे सर्वांसमोर हात जोडून बोलावलं. वर्षभर घरात जे बरंवाईट होतं, ते गाव पहिलं पाऊल टाकणाऱ्याच्याच माथी मारतं. काका पांढरे पडले. म्हणाले, "माझा पायगुण बरा नाही गं, दुसऱ्या कोणाला सांग."

"तुमचाच हवा, काका," मी म्हटलं. "वर्षभर माझं काही वाईट होऊ नये, हे तुमच्याइतकं कोण बघेल?"

मग थोंग मास्तर म्हणाले, "पोर एवढं म्हणतेय तर जा की, ख्वात." सगळ्यांनी मान डोलावली. काकांना हो म्हणावं लागलं.

त्यांनी फाटकातून, आपल्या झाडाखालून यावं. मी दारात उभी असेन. नसले, तर कोणाला विचारायचं ते गावाला माहीत आहे.

सही: लुऊ थी थोआ

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही:
१. वू साच थोंग, निवृत्त शिक्षक (सही)
२. दिन्ह थी मो, उदबत्त्या वळणाऱ्या (सही)

वाचून दाखवलं, समजलं: आईचा अंगठा

फू खे, वाघाच्या वर्षातला बारावा महिना, चोविसावी तिथी
(१५ जानेवारी २०२३)