पहिली गोळी कोणाची

१७ जानेवारी, मंगळवार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही ठीक, तिकडे तूही असशीलच. फोनवर तू "हं, बोल" म्हणालीस की माझी बोलती बंद होते, म्हणून पत्र.

माझं काम विचारलं होतंस ना? देशोदेशीच्या यादवी युद्धांच्या बातम्या वाचायच्या आणि तक्ता भरायचा. मेले किती, मध्यस्थ कोण, पहिली गोळी कोणाची. पण हा म्हणतो त्याने, तो म्हणतो ह्याने. डोकं पार भंजाळलंय. शिवाय प्रत्येक कारणाला एक आकडा ठरलेला, आणि कारणाच्या रकान्यात असा एकच आकडा चालतो, आणि एकाच कारणासाठी भांडलेली माणसं मला अजून भेटायचीत. मॅडम म्हणतात, "कळत नसेल तर 'अज्ञात' लिही. मनाचं नको."

कालपासून एका गावाच्या ओळीवर अडकलेय. समेट घडवायला गेलेल्या मास्तरांवरच तिथे लोकांनी फितुरीचा आळ घेतला. मास्तर गप्प राहिले. मी तीनदा लिहून खोडलं. मॅडमनी शेवटी विचारलं, "बरी आहेस ना?"

मामाचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे. हृदयाचं. खोली छान आहे, खिडकीतून पार्किंग दिसतं. तो सारखा तुझं विचारतो. तू म्हणशील, बाबांचे कान भरून माझं लग्न मोडणाऱ्याला मी कशाला भेटू?

ताई, तुमच्या दोघांचं बाबांना मामाने नव्हतं सांगितलं. मी सांगितलं. चौदा वर्षांची होते. तू गेलीस की आपली खोली रिकामी होईल म्हणून? की त्याच्याबरोबर फिरायला जाताना मला टाकून जायचीस म्हणून? नऊ वर्षं झाली, अजून कळत नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून मला भोंगा म्हणायचीस. हा एवढा एकच तीळ भिजत ठेवला.

मामा तर बाबांची समजूत काढायला आला होता. तू त्याला नाही नाही ते बोललीस तेव्हा मी दाराआड होते. त्याला सगळं ठाऊक होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

माझं तोंडही पाहू नकोस हवं तर. पण गुरुवारच्या आत मामाकडे ये. मला फार भीती वाटतेय.

कारणाचा रकाना मला भरता येत नाही. पहिल्या गोळीपुढे 'अज्ञात' लिहिता येत नाही.

ती झाडणारा,
तुझा भोंगा