सही नसलेला फळा

२ डिसें. ७४, सोम.
धुकं इतकं की माथेरानचा डोंगर नाहीच. वाचनालय उघडलं, दाराशेजारचा बातम्यांचा फळा पुसला. हल्ली हात आपोआप चालतो, मी आपला बाजूला उभा राहून बघतो. भाताचा भाव, गाडीची बदललेली वेळ. खाली जागा उरली. मग लिहिलं : 'कडावच्या शाळेच्या खोलीचं सिमेंट कुठे गेलं? खरेदी-विक्री संघाचे अध्यक्ष चोर आहेत.' सगळे बोलतातच की. लिहिताना काय गोड वाटलं!

३ डिसें.
फळ्यापुढे गर्दी. चहावाल्या बाबूने आपणहून चहा आणून दिला. दिवसभर तरंगतोय.
सुमन म्हणाली, "जेवताय की नुसते हसताय?"

४ डिसें.
अण्णा स्वतः आले. अध्यक्ष म्हणजे तेच. वाचनालयाच्या समितीवरही तेच, आणि आम्ही राहतो ती मागची खोलीही त्यांच्याच शब्दावर मिळालेली. वाटलं, आता कानाखाली बसणार. छे. चष्मा लावून सावकाश वाचलं.
"अक्षर झ्याक हाय रं तुझं, इनायक. चोर म्हनतोस, म्हन. कोर्टानं म्हनलंय का? नाय ना? मंग खाली सही कर. कोन म्हनतंय ते तरी कळू दे लोकान्ला. रोज सव्वादहाला येऊन बघीन."
गेले. फळ्यावर आजवर कुणी सही केलेली नाही. फळा बोलतो म्हणजे गाव बोलतं, असंच धरून चाललो होतो.

५ डिसें.
पुसलं नाही. सहीही नाही. अण्णा आले, बघून गेले.
लोक सांगतात तो सिमेंटचा ट्रक मला तर दिसतो. धुक्यातून शिळफाट्याच्या बाजूने येणारा, गोण्यांवर ताडपत्री. कधी पाहिला? पाहिला का? आठवायला बसलो की ताडपत्रीचा रंग बदलतो. काल हिरवी होती. ऐकून ऐकून डोळ्यांनाही खरं वाटायला लागतं की काय...

७ डिसें.
विचारत फिरलो. बाबूला म्हटलं, तुला कुणी सांगितलं रे? "आवो, फळ्यावर व्हतं की!" शाळेचे गुरुजी म्हणाले, "तुम्हीच लिहिलंत ना? म्हटलं, तुम्हाला पक्कं माहीत असणार." त्याआधी कोण म्हणत होतं? "लोक म्हणायचे." कोण लोक? गुरुजींनी हात नुसता हवेत फिरवला.
शरम वाटली. घरी येऊन पडून राहिलो. छतावर बादलीतल्या पाण्याचा उजेड हलत होता, तेवढंच बघत.

९ डिसें.
सुमन : "पुसून टाका. खोली गेली तर जायचं कुठे आपण?" बरोबर आहे तिचं. फडकं ओलं करून बाहेर आलो.
पायरीवर बुधीबाई टेकलेली. डोंगराखालच्या वाडीवरची, लाकडाची मोळी विकून आलेली. तिला वाचता येत नाही.
"काय लिवलंय रं दादा, येवढे लोक बघत्यात?"
सांगितलं. खुदकन हसली. "त्या गोन्या तर मीच व्हायल्या. शालंच्या ओट्यावरनं उचलल्या नि अन्नाच्या बंगल्यावर उतरवल्या. अन्ना उबाच व्हता थितं."
मी फडकं धरून तसाच. हिला काही फळ्यावरून कळलेलं नाही.
"माजं नाव नको लिवू हां दादा. उद्याला कामावर कोन बोलवंल मला?"
नाही लिहिणार म्हटलं. शब्द दिला.

१० डिसें.
सकाळी 'चोर' म्हणणारी ओळ पुसली. ते ठरवणारा मी कोण? त्या जागी लिहिलं : 'शाळेच्या ओट्यावरच्या सिमेंटच्या गोण्या अण्णांच्या बंगल्यावर उतरल्या. मी पाहिलेलं नाही. ज्याने पाहिलं त्याचं नाव मी सांगणार नाही.' खाली माझं पूर्ण नाव. अक्षर घाण आलं. भीती वाटतेय, आणि कितीतरी दिवसांनी जागा झाल्यासारखंही वाटतंय.
दहा वाजून गेले. अण्णा येतीलच.
सुमन दारातून वाचून गेली. आत भांड्यांचा आवाज येतोय. घासतेय की बांधतेय, इथून कळत नाही.