दवाखान्याच्या खिडकीसाठी सूर्योदय

३ जून
आजपासून कलाजीवन सुरू. मागची खोली रीतसर ताब्यात घेतली. आई तिला अजून 'कपडे वाळत घालायची खोली' म्हणते. स्टुडिओ म्हणायची सवय लागेल हळूहळू.
काम : बाबांचे मित्र असलेल्या दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूमची खिडकी. पूर्ण खिडकीभर रंगीत काचांचं मोझॅक. सकाळचं ऊन त्यातून आत यावं, खोलीभर रंगीत उजेड पडावा आणि पेशंटनी दुखणं विसरावं, अशी डॉक्टरांची इच्छा. विषय मी सुचवला. सूर्योदय.
बाबांची अट : जुलैअखेर काम खिडकीत नीट बसलं तर मी कलाकार, नाही तर मामांचं टाइल्सचं दुकान. तशी वेळ येणारच नाही, म्हणून लगेच हो म्हटलं.

७ जून
तुकडे कशावर चिकटवायचे? मोझॅक शिकवणाऱ्या व्हिडिओतला माणूस जाड काचेवर चिकटवतो. काचेवर काच! जीव खालीवर झाला. फुटून कुणाच्या डोक्यात पडली म्हणजे? मी जाड प्लाय आणला. वॉटरप्रूफ. आधी सुरक्षितता, मग कला.

१२ जून
कटिंग सुरू. गॉगल, मास्क, हातमोजे. तरी बोट कापलं. हातमोजे काढताना.
घरात सर्वांनी चपला घालून फिरावे, अशी सूचना फ्रिजवर लावली. आई म्हणाली, स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी वावरतेय मी. बाबांच्या मोज्यात नारिंगी तुकडा निघाला. माझ्या हातावर ठेवून म्हणाले, घे, तुझा सूर्य.

१९ जून
ताई माहेरी आली. बराच वेळ कामासमोर उभी होती. मला वाटलं, भारावली. मग म्हणाली, अरे सोन्या, लाकडातून उजेड येणार कसा? तिला शांतपणे सांगितलं की काच पारदर्शक असते, हे शाळेतच शिकवतात. म्हणाली, काच असते रे, प्लाय कुठे असतो?
लोक कलेकडे प्लायच्या बाजूने का बघतात, कळत नाही.

३० जून
ताईचं बोलणं मुळीच मनावर घेतलं नाही. फक्त जेवण गेलं नाही. शेवटी तोडगा काढला. सूर्यात पिवळे तुकडे वाढवले. आता उजेडाला तोटा नाही.

१४ जुलै
शेवटचा तुकडा लागला. फटींत ग्राउटचं सिमेंट भरून पुसून काढलं. सूर्य, डोंगर, नदी, बगळे. आई दारात आली, एका बगळ्याच्या चोचीवरची धूळ बोटाने पुसली. म्हणाली, सुरेख झालंय रे. मी नम्रपणे मान झुकवली. मग म्हणाली, इथे कपडे वाळत कधीपासून घालू?

२८ जुलै
बसवलं! सुतार आणि त्याच्या भावाने उचललं, मी सूचना दिल्या. शेवटचा स्क्रू आवळला आणि वेटिंग रूममध्ये एकदम गंभीर वातावरण पसरलं. एका आजोबांनी विचारलं, लाइट गेली का? रिसेप्शनवरच्या बाईंनी भर सकाळी ट्यूब लावली. ट्यूबखाली सूर्य फार खुलतो, ही नवीन माहिती.
डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दात उपटण्याआधी ठेवतात तसा.

३१ जुलै
डॉक्टरांचा फोन. बाहेरून नुसता प्लाय दिसतो, त्यामुळे पेशंट दवाखाना बंद झाला समजून परत जातात. कुणीतरी त्यावर 'भाड्याने देणे आहे' असं चिकटवूनही गेलं. चित्र भिंतीवर लावू म्हणाले, खिडकी मोकळी करू.
बाबांना म्हटलं, भिंतीवर का होईना, बसलं तर आहे. बाबा म्हणाले, अट खिडकीची होती.
लगेच मामांचा फोन, उद्या सकाळी ये. विचार करून कळवतो म्हटलं. मामा म्हणाले, विचार इथे येऊन कर, पंखा आहे.

१ ऑगस्ट
मामांच्या दुकानात. तात्पुरता. हुद्दा : डिझाइन सल्लागार. (हुद्दा मी ठरवला. मामांना सांगायचा आहे.)
बाथरूमच्या टाइल्स बघायला एक जोडपं आलं. मामा त्यांना म्हणाले, हा आमचा भाचा, मोठा कलाकार आहे, हाच दाखवेल. मी सविस्तर समजावलं. खाली गडद समुद्र, वर फिकट होत जाणारं आभाळ, आरशाशेजारी एकच केशरी टाइल. दोघांनी मन लावून ऐकलं. नवरा म्हणाला, काय कल्पना आहे हो! बायको म्हणाली, खरंच, कुणाला सुचणार नाही.
पांढऱ्या घेतल्या. सगळ्या.