होडी पलीकडे बांधून ठेवली

अण्णा, तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली. तुम्हाला विचारायचं काही राहून गेलंय असं मला इतकी वर्षं कधी वाटलं नव्हतं. ते वाटलं या मार्चमध्ये. गावच्या घराची कौलं काढून स्लॅब टाकायचा म्हणून चुलतभावानं माळा रिकामा केला, आणि पत्र्याच्या एका नळकांड्यात त्याला मोडीत लिहिलेला कागद मिळाला. त्यानं फोटो काढून मला पाठवला, खाली लिहिलं, 'घे, तुझ्या आवडीचं हाड.' मी तेव्हा इथं दुबईत, देऱ्यातल्या ऑफिसात एका टॉवरच्या ड्रॉइंगवर लाल पेन चालवत होतो. फोटो मोठा करून पाहिला. वरचा भाग फाटलेला, म्हणजे तारीख नाही, ठिकाण नाही, कोणी कोणाला लिहिलं तेही नाही. पण दुसऱ्या ओळीत आपलं आडनाव स्वच्छ उभं होतं. त्या दिवशी ते ड्रॉइंग मी दोनदा तपासलं, कारण पहिल्या खेपेला काय तपासलं ते मला आठवेना.

मोडी मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकलो, मेट्रोत उभ्यानं, फोनवर. कोणाकडे गेलो नाही. ड्रॉइंग वाचायलाही मला कोणी शिकवलं नव्हतं. मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पात होतो तेव्हा साइटवर टाकून दिलेल्या प्रिंट उचलून आणायचो आणि बंकवर पालथा पडून रेघ न् रेघ लावायचो. गवंड्याच्या हाताखाली आलेला माणूस आज दुसऱ्यांची शीट नापास करतो, हे मी कुठंही अभिमानानं सांगतो आणि इथंही सांगतो. तरीपण या कागदानं मला पहिल्याच ओळीत पाडलं. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, सगळं एका दमात. 'बंडाचे दिवसांत तर बंद करोन होडी पलीकडे बांधोन ठेविली.' यातला 'तर' मी दोन महिने आपण बोलताना म्हणतो तो 'तर' समजत होतो. बंडाच्या दिवसांत, तर, बंद केली. काय बंद केली? खाडीकाठच्या माणसाचा मी मुलगा, लहानपणी तरीवरून बाजाराला जाणारा, आणि तर म्हणजे होडीचा उतार हे मला दोन महिने सुचलं नाही. सुचलं तेव्हा मेट्रोत एकटाच हसलो. शेजारच्या माणसानं जागा बदलली.

म्हणजे गोष्ट खरी होती. अठराशे सत्तावन्न साली माझे खापरपणजोबा सरकारी तरीवर होते, ही गोष्ट तुम्ही दर पंधरा ऑगस्टला शाळेच्या ओट्यावरून सांगायचात. तुम्ही उभे आहात, धोतराचा सोगा हातात, झेंडा अजून ओला आणि काठीला चिकटलेला. गोरे शिपाई कचेरीच्या तीरावर आले, बंडवाले आपल्या गावामागच्या डोंगरात होते, आणि आमच्या पूर्वजानं होडी गावच्या तीराला बांधून 'गोऱ्यांना नुसतं पाणी दाखवलं.' या वाक्याला टाळ्या पडायच्या. सहावीत असताना मी गुरुजींच्या देखत विचारलं होतं, 'अण्णा, होडी सरकारची होती ना? मग सरकारनं त्यांना धरलं कसं नाही?' तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, 'प्रत्येक गोष्टीला फूटपट्टी लावू नकोस. लावणाऱ्याच्या हातात शेवटी फूटपट्टीच उरते.' गुरुजी हसले. माझ्या हातात खरंच तीच उरली, अण्णा, आणि तिच्यावर माझं घर चाललं.

आता तीच पट्टी लावतो, ऐका. ड्रॉइंगच्या प्रत्येक शीटवर उत्तर दिशेचा बाण असतो. तो नसेल तर मी शीट परत पाठवतो, मग काढणारा कितीही मोठा इंजिनिअर असो. या कागदावर बाण नाही. पलीकडे म्हणजे कुठं? लिहिणारा कारकून कचेरीत बसला असेल तर पलीकडे म्हणजे आपला गाव. होडी गावच्या तीराला, गोरे त्या तीरावर अडकले, तुमची गोष्ट शाबूत. पण ही जर त्या माणसाचीच जबानी असेल, त्यानं सांगितली आणि कारकुनानं शब्दाला शब्द उतरवली असेल, तर त्याच्या तोंडचं पलीकडे म्हणजे कचेरीचा तीर. मग बंडवाले डोंगरात कोंडले गेले आणि होडी गोऱ्यांच्या हाताशी राहिली. मग तो सरकारचा इमानी नोकर. एकच शब्द, अण्णा, आणि माणूस या टोकाचा त्या टोकाला.

आणि मला खरी बोचणारी गोष्ट ही की तुम्हाला मोडी येत होती. पडवीत लोक जमिनीचे कागद घेऊन यायचे आणि तुम्ही भिंग न लावता, पोथी वाचावी तसं वाचायचात. मी म्हटलं होतं, मला शिकवा. तुम्ही म्हणालात, 'मेलेल्या माणसांचं अक्षर आहे ते. इंग्रजी पाठ कर.' त्या नळकांड्यावर चिकटवलेली चिठ्ठी तुमच्या अक्षरात आहे, 'जपून ठेवणे.' म्हणजे तुम्ही कागद वाचला होतात. आपल्या घरात पलीकडे म्हणजे एकच तीर होता. पलीकडे बाजार, पलीकडे दवाखाना, पलीकडे कचेरी. तुम्ही वाचलंत तेव्हा पहिल्यांदा तोच तीर डोळ्यांसमोर आला असणार. मग ओट्यावर उभं राहून होडी अलीकडे कशी आणलीत? की तुमच्याजवळ दुसरं काही होतं, आजोबांनी सांगितलेलं, जे माझ्यापर्यंत आलं नाही? मी दोन्ही बाजूंनी विचार करतो आणि दोन्ही बाजूंनी मला तुमचा राग येतो.

हे घरी काढायला नको होतं. करामातल्या आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर तुम्ही पाहिलं नाहीत. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं दारातूनच बोलायचं. तुमची सून बांगडे तळत होती. मी पुन्हा पलीकडे-अलीकडे सुरू केलं तशी ती म्हणाली, 'अहो, तुम्ही फोनवर आईंना सांगता, आपल्याकडे फार उकडतंय. त्या म्हणतात, छे रे, इथे तर वारा सुटलाय. सव्वीस वर्षांत तुमचं आपल्याकडे कुठं ते ठरलं नाही, आणि त्या बिचाऱ्याचं पलीकडे शोधताय.' नात तुमची दारात उभी. इथेच जन्मली, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. म्हणाली, 'सो विच साइड वॉज ही ऑन?' मी म्हटलं, 'तेच तर बघतोय. उत्तर तीर की दक्षिण?' 'नो बाबा. साइड साइड.' तिला माझी दया आली असावी. 'इट्स ओके इफ ही वॉज जस्ट डूइंग हिज जॉब. यू ऑल्सो...' आणि ती थांबली. 'मी काय?' 'नथिंग. पास द लेमन.'

तिचं वाक्य मी आठवडाभर पुरं करत होतो. रविवारी दुपारी बर दुबईच्या धक्क्यावर गेलो. इथेही खाडी आहे, इथेही होडी चालते, अब्रा म्हणतात. एरवी मी मेट्रोनंच पलीकडे जातो. अब्रावाला चितगावकडचा. मी हिंदीत विचारलं, 'भाई, तुम लोग उस पार किसको बोलते हो?' तो पायानं धक्क्याला रेटा देत होता, माझ्याकडे पाहिलंही नाही. 'यल्ला, चलो साहब, बैठो। मेरे को तो दोनों उस पार है।' लोक हसले. कंपनीत कोणी असं उत्तर दिलं असतं तर मी शीट परत पाठवली असती. पण पाण्यात बसल्यावर मला वाटलं, हाही एक तिसरा अर्थ झाला की, आणि मी आणखीच गोंधळलो.

गुरुवार ही शेवटची तारीख होती. इथल्या मराठी मंडळाची पंधरा ऑगस्टची पुस्तिका निघते. यंदा एक पान आपल्या घराचं, आणि ते स्टेजवरून वाचणार तुमची नात. आठ वर्षं मीच ही गोष्ट मंडळात सांगत आलोय, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी लिहून पाठवलं की तर बंद ठेवली एवढं खात्रीनं सांगता येतं, होडी कुठल्या तीराला होती ते सांगता येत नाही. चिटणिसांचा लगेच फोन. 'भाऊ, हे काय? असं पंचनाम्यासारखं कोण ऐकणार? मागच्या वर्षी तर तुम्ही हॉल रडवलात.' मी म्हटलं, मागच्या वर्षी कागद नव्हता. ते म्हणाले, 'मग कागद राहू द्या ना. प्रेसवाला डोक्यावर बसलाय. इन्शाल्ला एकदा छापून जाऊ दे, पुढच्या वर्षी दुरुस्ती करू.' अर्ध्या तासानं मी तुमची गोष्ट तुमच्याच शब्दांत पाठवली, पाणी दाखवलं वगैरे सगळी, आणि शेवटी जोडलं, 'असे माझे वडील सांगत.' त्यात एक अक्षर खोटं नाही. चिटणिसांनी अंगठा पाठवला. लेकीनं पान वाचलं, शेवटच्या ओळीवर थांबून म्हणाली, 'नाइस डिस्क्लेमर.' आणि पाठ करायला घेऊन गेली. आता खोलीतून तिचा आवाज येतोय, 'गोऱ्यांना' म्हणताना तिची जीभ अडते.

हे पत्र मी ऑफिसच्या कागदावर लिहितोय, आणि पाठवायला पत्ता नाही हे बरंच आहे, कारण एक गोष्ट मी इथे कोणालाही सांगितलेली नाही. तो कागद पाठपोट लिहिलेला आहे. फोटोत मागची शाई पुढे फुटलेली दिसते, चार-पाच ओळी तरी असतील. शिक्षा झाली की शाबासकी मिळाली ते बहुधा तिथेच असेल. भावानं तेव्हाच विचारलं होतं, 'अरे, मागच्या बाजूचा पण काढू का फोटो?' मी लिहिलं, 'राहू दे, घाई नाही.' त्याला आता पाच महिने झाले, अण्णा. मी अजून मागितलेला नाही.