फोटोतला डोंगर

नाशिक रोड,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. राखी हिस,
सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझ्या सासूचे, विमलाचे, गुडघे होते तसेच आहेत, पायऱ्या उतरताना मला शिव्या देते. थंडी अजून गेलेली नाही. कुंभमेळ्यासाठी रस्ते उकरून ठेवलेत, बिटको चौकापर्यंत जायचं म्हणजे अर्धा तास मोडतो. लष्कराच्या कॅम्पाकडे तोफांचा सराव चालू आहे, दुपारभर खिडक्या थरथरतात. साक्षी इथे असताना प्रत्येक आवाज मोजायची. तिकडे येवल्याला माझ्या नातीची शाळा कशी चालली आहे ते कळव. कळवावंसं वाटलं तरच. तुझ्या आईला, वत्सलाबाईंना, जय भीम सांग. त्यांचा पैठणीचा माग चालू असेल.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फोनवर मी आवाज चढवतो, कागदावर चढवता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी टीव्ही बंद करून टाकलाय. केबलवाल्याला म्हटलं, घेऊन जा तुझा डबा. रोज संध्याकाळी कोणीतरी कोट घालून नकाशावर बाण काढतो आणि ओरडतो की अर्ध्या तासात अमुक शहर घ्या. शहर म्हणजे काय मेथीची जुडी आहे, जाता जाता घ्यायला? ज्याने पाठीवर दहा किलो घेऊन टेकडी चढलेली नाही तो दुसऱ्याच्या पोराला वर चढायला सांगतो. गेल्या मे महिन्यात इथे दिवे घालवण्याचा सराव झाला. कॉलनीने दिवे घालवले आणि मग सगळे गच्चीवर जाऊन मोबाईलचा उजेड पाडून अंधाराचे व्हिडिओ काढत बसले. अशा लोकांचं रक्षण करायचं म्हणजे गंमतच आहे.

मागच्या रविवारी विहारात मला बोलायला उभं केलं. विषय काय, तर ‘आधुनिक युद्ध आणि तंत्रज्ञान’. मी नेहमीसारखं तोंडावर सांगितलं. ड्रोन विकत मिळतो, धीर विकत मिळत नाही. परदेशातले सुटे भाग आणून वर आपला शिक्का मारला म्हणजे यंत्र आपलं होत नाही. ऐन वेळी त्यांनी पुरवठा थांबवला की आपण आपला शिक्का बघत बसायचं. आणि चार वर्षांच्या नोकरीचा शिपाई कसला? तोफेशी ओळख व्हायला दोन वर्षं जातात, तिसऱ्या वर्षी हात बसतो, आणि चौथ्या वर्षी त्याला म्हणायचं, चल, घरी जा. टाळ्या पडल्या. मग अंजली म्हणून एक शिक्षिका आहे, ती उठली आणि म्हणाली, “सर, मोबाईलमुळे सैन्याचं नुकसान होतं असं म्हणतात, त्याबद्दल काही सांगा ना.” मी पेलाभर पाणी प्यायलो आणि वेळ संपली म्हणून खाली बसलो.

आमच्या वेळी पत्रावर नुसता फील्ड पोस्टाचा नंबर असायचा. मी कुठल्या डोंगरात आहे हे विमलाला सहा सहा महिने ठाऊक नसायचं. आता पोरगा खंदकातून फोटो पाठवतो, बायको तो बघते, सासरा बघतो.

गुरुवारी घोटीहून दत्तू आला होता. तुला आठवत असेल, दत्तू हवालदार, माझ्या तोफेवर अकरा वर्षं होता, तुझ्या आणि सुयशच्या लग्नात पंगतीला वाढायला सगळ्यांच्या पुढे. तो का आला होता ते लिहायचं आहे. पण आज राहू दे, हात दुखतो.

मंगळवार, १० फेब्रुवारी

दोन दिवस कागद तसाच पडून होता. येत्या रविवारी, पंधरा तारखेला, दोन्हीकडची माणसं आपल्या घरी बसणार आहेत आणि सुयशने पाठवलेल्या सोडचिठ्ठीच्या कागदावर तू सही करायची आहेस. तुझा भाऊ रवी फोनवर मला एवढंच म्हणाला, “आम्ही येतो, पण माझ्या बहिणीला परत चार लोकांत काही बोलायचं नाही.” त्याचं बरोबर आहे. चार लोकांत बोललो होतो तो मीच.

आता मी रिपोर्ट लिहितो तसं क्रमाने लिहितो. बरंचसं तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते मधेच येईल.

मे महिन्यात सुयशची तोफ वर डोंगरात होती. जागेचं नाव मी आजही लिहीत नाही. त्याने तुला एक फोटो पाठवला. तो, त्याच्या मागे ताडपत्री, आणि ताडपत्रीच्या वर दोन शिखरं आणि एक खिंड. तू त्याचा स्टेटस ठेवलास. पण ठेवण्याआधी तू फोटो कापलास. वरचा डोंगर काढून टाकलास, नुसता सुयशचा चेहरा आणि ताडपत्री ठेवलीस. मी तो स्टेटस पाहिला होता, राखी. त्यात डोंगर नव्हता.

आख्खा फोटो तू एकाच माणसाला पाठवलास. मला. खाली लिहिलं होतंस, “आबा, तुम्हाला डोंगर बघायला आवडतील म्हणून पूर्ण पाठवते.”

आवडले मला. नव्व्याण्णव साली मी त्याच भागात होतो. ती शिखरं मी तीन महिने रोज सकाळी दुर्बिणीतून पाहिली आहेत. तोफखान्याचा माणूस डोंगर पाहतो तो वेगळ्या डोळ्याने पाहतो. हे शिखर त्या शिखराच्या किती डावीकडे दिसतं, खिंड कुठे उघडते, यावरून आपण कुठे उभे आहोत ते नकाशावर काढायचं. आम्हाला हे काम अंगवळणी पडलेलं असतं. मी जुनी वही काढली, पट्टी घेतली, आणि मग ज्या मोबाईलला मी दिवसभर नावं ठेवतो त्याच्यातला उपग्रहाचा नकाशा उघडला. चहा निवायच्या आत जागा सापडली. नाल्याचं वळणसुद्धा जुळलं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. निवृत्त झाल्यापासून सतरा वर्षं मला कोणी काही विचारलं नव्हतं.

आम्हा निवृत्त तोफखानेवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. दोनशे बारा माणसं. निम्म्यांना मी ओळखतही नाही. त्या ग्रुपवर मी तो नकाशा लाल खूण करून टाकला आणि लिहिलं, “पोरगा सांगत नाही, पण बाप तोफखान्याचा आहे. जागा काढून दाखवली.” एकेचाळीस जणांनी अंगठे दाखवले. मी ते मोजले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच नकाशा, माझ्याच लाल खुणेसकट, कुठल्यातरी भडक व्हिडिओत फिरत होता. शत्रूने पाहिला की नाही, देव जाणे; सुयशच्या युनिटने पाहिला. जागा उघडी पडली म्हणून तोफा तातडीने हलवायचा हुकूम आला. रस्ता ओला, वळण अरुंद. तोफ ओढणारी गाडी घसरली आणि तोफेच्या चाकाखाली सुयशचा पाय गेला. शत्रूचा एक गोळाही त्या जागेवर पडला नाही.

मी ग्रुपवरचा मेसेज काढून टाकला होता, सुयशचा पाय जायच्या आधीच. व्हिडिओ बघितल्याबरोबर. म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं. माझ्या लक्षात आलं नाही असं मी कधी म्हणालो तर ते खोटं समज.

मग चौकशी बसली. अशी जागा फोटोवरूनच काढता येते, म्हणून कोणी कोणाला फोटो पाठवले ते विचारलं. सुयशने सांगितलं, फोटो मी फक्त बायकोला पाठवला. त्याने दवाखान्यातून मला फोन केला आणि विचारलं, “आबा, तो फोटो बाहेर कसा गेला?” मी म्हणालो, “राखीने स्टेटस ठेवला होता.” एवढंच म्हणालो. शब्दाला शब्द खरं होतं, आणि त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही. मग आपल्या घरी सगळे बसले तेव्हा तू रडून सांगत होतीस, “मी डोंगर कापला होता, आबांनी पाहिलाय, आबांना विचारा.” स्टेटस एका दिवसात निघून जातो, आणि मला पाठवलेल्या आख्ख्या फोटोवरून स्टेटसमध्ये काय होतं ते सिद्ध होत नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रवी होता, विमला होती, माझी बहीण कुसाबाई होती. आणि मी म्हणालो, “आजकालच्या बायकांना मिरवल्याशिवाय चैन पडत नाही.”

हे वाक्य मला रोज ऐकू येतं. तू आत जाऊन साक्षीचे कपडे पिशवीत भरायला लागलीस.

मी सांगत का नव्हतो? पहिले आठ दिवस भीती होती. मग वाटलं, सुयश आधी बरा होऊ दे. मग तू गेलीस, आणि तुझ्याशिवाय घर चालायला लागलं. पोळ्या होत होत्या, दूधवाला येत होता. माणूस कशालाही सरावतो, ही फार वाईट गोष्ट आहे.

आता दत्तूचं. गुरुवारी तो ओट्यावरच बसला, आत आला नाही. म्हणाला, “साहेब, लय दिवस गप राहिलो. आता नाय जमत. ती लाल खूण तुमचीच व्हती.” मी म्हटलं, कसली खूण? त्याने मोबाईल काढून माझा मेसेज दाखवला. त्याने त्याच दिवशी त्याचा फोटो काढून ठेवला होता, का, तर आपल्या साहेबाची हुशारी नातवंडांना दाखवायला. मी चिडलो. म्हटलं, तू हवालदार, मी सुभेदार, तू मला शिकवणार?

तो म्हणाला, “साहेब, तोफेवर चूक दिसली का ‘स्टॉप’ कोन वरडतं? ज्याला दिसंल तो. शिपायाला दिसली तर शिपाई वरडतो. तुमीच शिकवलंय ना आमाला? मंग त्या पोरीचं घर मोडायलंय अन् म्या बघत बसू?”

खरं आहे ते. तोफेवर हुद्दा चालत नाही. नुसता संशय आला तरी कोणीही ‘स्टॉप’ म्हणायचं, आणि म्हटलं की सगळ्यांनी हात काढून घ्यायचे, मग विचारायचं. एकदा दत्तूनेच मला असं थांबवलं होतं आणि मी त्याची पाठ थोपटली होती. या वेळी मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

काल पुण्याला लष्करी दवाखान्यात जाऊन आलो. सुयशला सगळं सांगितलं. त्याच्या खाटेशेजारी नवा पाय उभा करून ठेवला होता, बूट घातलेला. त्याच्या तोंडाकडे बघून बोलायचं ठरवलं होतं, पण निम्मं बोलणं त्या बुटाशीच झालं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने विचारलं, “राखीला सांगितलं?”

मी म्हणालो, अजून नाही.

“मग आधी इथं कशाला आलात?”

 तो पुढे म्हणाला, “फोटो मी पाठवला. पहिली चूक माझी. दुसरी तुमची. तिची एकही नाही, आणि ती मला शपथेवर सांगत होती तेव्हा मी फोन ठेवून दिला.” नंतर तो भिंतीकडे वळला. मी निघालो तेव्हाही त्याने मान वळवली नाही. दारातल्या नर्सने मला पाणी दिलं.

त्याने कागद मागे घेतला आहे की नाही, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तो तुला फोन करील असंही मी सांगत नाही. त्याला तोंड दाखवायची लाज वाटते आहे, आणि ती वाटायलाच हवी. विमलाला काल रात्री सांगितलं. तिने माझं ताट वाढलं आणि ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

हाच सगळा मजकूर मी सुयशच्या युनिटला रजिस्टर पोस्टाने पाठवला आहे, खाली सही करून. ग्रुपवरही टाकला आहे. लोक काय म्हणतात ते बघितलं नाही. हे पत्र पोस्टाने रविवारच्या आत पोचेल याची खात्री नाही, म्हणून उद्या सकाळच्या बसने दत्तू येवल्याला येतो आहे. तो तुझ्याच हातात देईल. त्याच्या मोबाईलमधला माझा मेसेज रवीलाही दाखवील. त्याला चहा दे, मी दिला नव्हता.

आता रविवारचं. तू येऊ नकोस असं मी म्हणत नाही, आणि सही करू नकोस असंही म्हणत नाही. तो हक्क माझा नाही. पण आलीस तर कागद पुढे येण्याआधी हे पत्र सगळ्यांसमोर वाचायला लाव. तुझ्यावर आळ घेतला तो त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर घेतला होता. रवीला वाचू दे. नाहीतर मला उभं करून वाचायला लाव. ‘आजकालच्या बायकांना’ हे वाक्य आलं की मी अडखळेन, तेव्हा थांबू देऊ नकोस. आणि आली नाहीस, तरी माझ्याकडच्या नकलेवरून ते मी वाचणारच आहे.

क्षमा मागत नाही. ती दिलीस तर मला बरं वाटेल, आणि मला बरं वाटावं असं मी काही केलेलं नाही. साक्षी मोठी झाल्यावर तिला हे पत्र दाखव. तिच्या आईने डोंगर कापला होता, हे तिला आजोबांच्या अक्षरात वाचायला मिळू दे.

मुलाचा पाय आणि सुनेचं नाव घालवून नऊ महिने पोटभर जेवलेला,
निवृत्ती रामजी पगारे