उजेडाकडे तोंड

प्रिय फौजदारीणबाई,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घ्यावी. आपल्या इमारतीच्या लिफ्टमधला तो पिवळा, मरतुकडा दिवा आठवतो ना, ज्याच्या उजेडात माणूस आणि माणसाच्या हातातली पिशवी सारखीच दिसायची? तो काढून तिथे शस्त्रक्रियेच्या खोलीत शोभेल असा पांढराशुभ्र दिवा बसवलाय. तेवढ्यावर भागलं असतं तर मी एक सोशिक नागरिक म्हणून गिळलं असतं. पण समोर पुरुषभर उंचीचा आरसाही लावलाय. माणसाला रस्त्यावर सोडण्याआधी त्याची झालेली पडझड त्यालाच सविस्तर दाखवायची, ही अक्कल कोणाची, असं मी सोसायटीच्या भर सभेत विचारलं. चिटणीस म्हणाले, आरशामुळे लिफ्ट मोठी वाटते. मी म्हटलं, लिफ्ट मोठी वाटते आणि मी म्हातारी दिसते, यात माझा फायदा कुठला? सगळे हसले आणि पुढच्या विषयाकडे वळले. तू असतीस तर टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला असतास. कोणी दिला नाही, म्हणून मी आणखी बरंच बोलले.

तर त्या आरशात मला ते दिसलं. कपाळावर भुवयांच्या वर पाच-सहा बारीक, पिवळसर पुटकुळ्या, प्रत्येकीच्या मधोमध टाचणीने टोचल्यासारखा खळगा. आणि एक जरा थोराड, नाकपुडीच्या शेजारी, बाकीच्यांशी पटत नसल्यासारखी वेगळी राहणारी. मला वाटलं, तारुण्यपीटिका. खोटं कशाला बोलू, क्षणभर बरंही वाटलं. नखांनी दाबून पाहिलं, आतून काही आलं नाही, नुसतं लाल झालं. लिंबू चोळलं, त्याने आग झाली. मग औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने मलम काढता काढता विचारलं, मुलगी केवढी आहे? मी म्हटलं, पंधरा. तेव्हा कळवायचं राहून गेलं ते आता कळवते, मला पंधरा वर्षांची मुलगी आहे. त्वचा तेलकट, स्वभाव आईवर. तिला तळलेलं देऊ नका म्हणाला. मी म्हटलं, ऐकते कुठे हो.

त्या मलमाने कातडी जुन्या भिंतीच्या रंगासारखी सुटली, पुटकुळ्या मात्र घट्ट बसून राहिल्या. तरी मी गेले नसते कुठे, तू ओळखतेस मला. पण एका सकाळी तोंड पुसताना टॉवेलला नाकाजवळच्या त्या थोराड पुटकुळीच्या रक्ताचा ठिपका लागला. दोन दिवसांनी पुन्हा लागला. मग मुकाट्याने त्वचेच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर म्हणजे एवढीशी पोर. मी तिच्या मागे डॉक्टर कुठे दिसतात का ते पाहत होते. मला काकू म्हणाली, तेही मी सोडून दिलं. तिने माझी हनुवटी दोन बोटांनी उचलली, खिडकीकडे वळवली आणि म्हणाली, "काकू, उजेडाकडे तोंड करा." आणि काय सांगू तुला, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाटलं दुखलं. मी म्हटलं, उजेड फार आहे.

तुझ्या त्या रविवारच्या तपासण्या आठवल्या. चहाचे कप बाजूला सारून स्वयंपाकघराच्या खिडकीत मला स्टुलावर बसवायचीस, वसतिगृहाची रेक्टर असताना मुलींच्या खोल्या तपासायचीस त्याच नजरेने माझी हनुवटी तपासायचीस आणि चिमटा सरसावून म्हणायचीस, तोंड कर उजेडाकडे, आणि ते बंदही ठेव. एकेक दाढीचा केस काढून मला दाखवायचीस, जप्त केलेल्या वस्तूसारखा. मग जागा बदलून मी तुझी तपासणी करायचे. आणि आपला तो करार! आपल्यापैकी कोणी बेशुद्ध होऊन दवाखान्यात पडली, तर दुसरीने डॉक्टरच्या आधी पोचायचं, चिमटा घेऊन. किती हसायचो त्यावर. पुढे तू मुलाकडे राहायला गेलीस, आणि तेच योग्य होतं. नातीला आजी हवी, सुनेला दोन हात हवेत. मी तुझ्या सामानाला दोऱ्या बांधत होते आणि तू म्हणत होतीस, गाठ घट्ट मार गं. ते घर दूर आहे आणि करारात अंतराचं कलम नव्हतं, हे दोघींपैकी कोणीच बोललं नाही.

असो. भिंग लावून तिने बरंच पाहिलं आणि मग समजावून सांगितलं. प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलाची एक बारीक ग्रंथी असते. वय झालं की काहींच्या ग्रंथी फुगतात, पसरतात, भोवती अशा गाठी करून बसतात. पू नसतो, म्हणून दाबून काही निघत नाही. अपाय नाही, संसर्ग नाही, तोंड नीट न धुतल्याचा दोष नाही. नको असतील तर विजेच्या सुईने जाळता येतात, थंडीने गोठवता येतात, लेझरही आहे. रात्री लावायचं मलम असतं, त्याला महिने लागतात. खोल जाळलं तर डाग राहतो, आणि काढल्या तरी पुन्हा येऊ शकतात. मी म्हटलं, म्हणजे नातेवाईक. तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

मग नाकाजवळच्या त्या थोराड पुटकुळीपाशी आली आणि हसू थांबलं. ही चकाकते आहे, म्हणाली, हिच्यावरून रक्तवाहिनीची बारीक रेघ गेलीय, शिवाय रक्त येतंय. त्वचेचा एक सावकाश वाढणारा कर्करोग असाच दिसतो. बहुतेक तो नसेल, पण तुकडा काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि वहीत लिहिता लिहिता सहज विचारलं, "ही कधीपासून आहे? घरात कोणी पाहिली असेल ना?"

मी रोज वर्तमानपत्राच्या सदरात लोकांची व्यंगं चव्हाट्यावर मांडून पोट भरते, आणि माझ्याच नाकाशेजारी काय वाढतंय ते मला ठाऊक नाही. घरातलं कोणी म्हणजे कोण? कामाला येणारी बाई माझ्याकडे पाहते ती पाय उचला म्हणायला. संपादक फोनवर बोलतो. माझा चेहरा जवळून, उजेडात शेवटचा पाहिलास तो तू. मी म्हटलं, विचारून सांगते.

सुईने जागा बधिर केली, तुकडा काढला, वर पट्टी लावली. अहवालाला आठवडा लागणार होता. त्या आठवड्यात किती वेळा तुला निरोप लिहायला घेतला. तू इथे होतीस तेव्हा माझ्या डाव्या नाकपुडीजवळ काही होतं का गं? एवढंच वाक्य. ते पाठवलं असतं तर तू घाबरून पोराला तिकीट काढायला लावलं असतंस, किंवा लावलं नसतंस. मला दोन्ही सोसवलं नसतं. मग आपला ठरलेला व्हिडिओ फोन झाला. तुझ्या नातीने अर्धा वेळ मला तुमचं छत दाखवलं, छान आहे. पट्टी दिसू नये म्हणून मी दिव्याकडे पाठ करून बसले होते. तू म्हणालीस, अगदी तश्शीच आहेस गं, काही बदलली नाहीस. ते फोन चेहरे इस्त्री करून दाखवतात. मीही म्हटलं, तूसुद्धा.

आज दुपारी अहवाल आला. लिफ्टमध्येच होते, तिथे फोन लागला हेच आश्चर्य. पोरगी म्हणाली, काकू, तीही तेलाचीच ग्रंथी निघाली, फक्त थोडी दुखावलेली, दाबत जाऊ नका. बाकीच्या कधी जाळायच्या, विचारत होती. मी म्हटलं, राहू देत, सध्या तेवढीच सोबत आहे. फोन ठेवला, दार उघडलं, मी बाहेर आलेच नाही. तशीच पुन्हा वर गेले. कोणाला सांगायचं ते सुचेना. काही झालं असतं तर चिटणीसही धावले असते, संपादकाने फुलं पाठवली असती. पण काही झालेलं नाही, हे कोणाला सांगणार? त्याला आधी घाबरलेलं माणूस लागतं, आणि मी तुला घाबरवलंच नव्हतं. म्हणून हे सगळं पहिल्यापासून लिहिलं. टॉवेलपाशी थोडी घाबरली असशील, तर इथे हुश्श म्हण. मला ते हवं होतं.

आणि हो, सोबत पाकिटात तुझा चिमटा आहे. तू निघालीस त्याच्या आदल्या दिवशी मी मागून घेतला होता, सकाळी देते म्हणून. तो न्यायला तू येशील, असं मला वाटत राहिलं, म्हणून दिला नाही. आता ठेवणं बरं नाही. धार केलेली नाही, पण कालच उजेडात धरून पाहिला. टोकं अजून नीट जुळतात.

तुझीच,
खाष्ट