सदतीसवर हिरवं

३ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या कारखान्यातली ताप मोजायची पट्टी पोचली. चिऊ काचेचा थर्मामीटर चावते हे लक्षात ठेवलंस, मामा शोभतोस! परवापासून लेकीला ताप आहे. कपाळावर ओल्या घड्या चालूच आहेत. दर तासाला घडी उचलते, लगेच पट्टी टेकवते, की सदतीसवर हिरवं, म्हणजे ताप नाही! सासूबाई म्हणतात, अंग भट्टीसारखं तापलंय, डॉक्टरांना बोलवा. मी म्हटलं, माझ्या भावाची पट्टी खोटं सांगत नाही. जरा फुशारकीच मारली. आज चिऊ रडतही नाही, नुसती पडून असते. ताप उतरल्याची गुंगी असेल.

पत्राला आळस करू नकोस, लोभ तर आहेच.

तुझी ताई

६ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आधी चिऊला डॉक्टरांकडे ने, मग पुढचं वाच. शेजाऱ्यांकडे दोनदा फोन केला, लागला नाही.

पट्टीवरच्या प्रत्येक आकड्यामागे आम्ही द्रवस्फटिकाचं, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचं, वेगळं मिश्रण छापतो. त्याचे रेणू गोल जिन्यासारखे पीळ घेऊन रचलेले असतात. उबेने पीळ बदलतो, आणि नेमक्या उबेला तो आकडा हिरवा दिसतो. पण ही ऊब फक्त पट्टीखालच्या कातडीची. ओल्या घडीखालचं कपाळ गारच असणार! कपाळ पुसून, थोडं थांबून पट्टी लावायची. रोज शेकडो पट्ट्या तपासणारा मी, एवढी एक ओळ लिहायला विसरलो. सासूबाईंचं ऐक. ताई, मला फार भीती वाटतेय.

चुकलं ते पोटात घाल.

धाकटा

९ जानेवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

चिऊ पाच तारखेला सकाळी गेली. डॉक्टर आले तेव्हा हाताबाहेर गेलं होतं. ताप एकशे पाच फॅरनहाइट, तुमच्या पट्टीच्या हिशेबात चाळीसच्या वर, होता म्हणाले. तेव्हापासून तुझी ताई एकच विचारते, मग पट्टी हिरवी कशी?

तुझं पत्र माझ्या हाती पडलं, ते मी जाळलं. घडीचं तिला कळलं तर ती जगणार नाही. तिला कळव की पट्टीच खराब निघाली, तू तपासायला चुकलास. ती तुझं तोंड बघणार नाही कदाचित. पण जगेल. तुझ्याकडे हे मागायला मला लाज वाटते.

तुझे दाजी

१२ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पट्टी खराब होती. घाईत न तपासताच पाठवली. तू सगळं नीट केलंस. तुझी काहीही चूक नाही.

लोभ मागायला मला तोंड नाही.

धाकटा